कॉलेज संपलं, आता जनसंपर्कात पाऊल टाकायचंय?

इंग्रजीत बीए झाल्यावर घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो, ‘आता बीएड करणार की बँकेच्या परीक्षा देणार?’ मलाही तो विचारला गेला. मी मात्र एका छोट्या पीआर एजन्सीत इंटर्न म्हणून लागले. आज मी कंटेंट रायटिंग करते, पण लिहिण्याची शिस्त तिथेच लागली. तुम्हीही याच वळणावर असाल, तर काही गोष्टी आधीच माहीत असू द्या.

नक्की काम काय असतं?

अनेकांना वाटतं, पीआर म्हणजे छान कपडे, पार्ट्या आणि गोड बोलणं. प्रत्यक्षात दिवसाची सुरुवात वर्तमानपत्रांच्या ढिगाने होते. क्लायंटबद्दल कुठे काय छापून आलं ते शोधायचं, कात्रणं काढायची, पत्रकारांची यादी अद्ययावत ठेवायची, प्रेसनोट लिहायची आणि पत्रकार परिषदेची तयारी करायची. एक फरक पक्का लक्षात ठेवा. जाहिरातीची जागा पैसे देऊन विकत घेता येते, बातमीची जागा मात्र कमवावी लागते.

माझी पहिली प्रेसनोट ‘अग्रगण्य’, ‘दर्जेदार’, ‘नावीन्यपूर्ण’ अशा शब्दांनी खच्चून भरलेली होती. एका ज्येष्ठ पत्रकाराने फोन करून विचारलं, ‘‘ताई, यात बातमी कुठे आहे?’’ त्या दिवसापासून कोण, काय, कधी, कुठे, का आणि कसं, यांची उत्तरं मी सुरुवातीलाच देऊ लागले.

विश्वास हेच भांडवल

एका आरोग्य शिबिराला साधारण 180 लोक आले होते. क्लायंटचा आग्रह होता, ‘500 लिहा, कोण मोजतंय?’ नोकरी जाईल या भीतीने मी तसं लिहिलं. तिथे हजर असलेल्या एका पत्रकाराने ते वाचलं आणि पुढे कित्येक महिने माझा फोनच उचलला नाही. क्लायंट तर लवकरच दुसऱ्या एजन्सीकडे गेला, गमावलेला विश्वास मात्र माझ्या वाट्याला आला. म्हणून आकडा फुगवायला कुणी सांगितलं, तर नम्रपणे म्हणा, ‘‘सर, हे उघड झालं तर नुकसान तुमचंच होईल.’’

खरं बोलण्याने मोठं संकटही निभावतं. 1982 मध्ये अमेरिकेतल्या शिकागो परिसरात कुणीतरी टायलेनॉलच्या कॅप्सूलमध्ये सायनाइड मिसळलं आणि 7 जणांचा मृत्यू झाला. जॉन्सन अँड जॉन्सनने लपवाछपवी केली नाही. कॅप्सूल घेऊ नका, असं लोकांना सांगितलं, सुमारे 3 कोटी 10 लाख बाटल्या बाजारातून परत मागवल्या आणि पुढे सुरक्षित वेष्टनात औषध पुन्हा आणलं. पीआरच्या वर्गात हे उदाहरण आजही शिकवलं जातं.

शिक्षण कुठे घ्याल?

कोणत्याही शाखेचा पदवीधर या क्षेत्रात येऊ शकतो. दिल्लीच्या भारतीय जनसंचार संस्थेत जाहिरात आणि जनसंपर्क या विषयांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. मुंबईची झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्स आणि पुण्याची रानडे इन्स्टिट्यूट हीदेखील जुनी, परिचित नावं आहेत. सरकारी नोकरी हवी असेल तर महाराष्ट्राच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयातील पदांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. रुग्णालयं, विद्यापीठं, सामाजिक संस्था यांनाही जनसंपर्काची माणसं लागतात.

तुम्ही इंदूर, बडोदा किंवा हैदराबादला वाढला असाल, तर मराठीसोबत हिंदी, गुजराती किंवा तेलुगूही तुम्हाला येत असेल. हे तुमचं बळ आहे. इंग्रजी प्रेसनोटचं शब्दशः भाषांतर न करता त्या त्या भाषेत नव्याने लिहिणारी माणसं सहज मिळत नाहीत. बायोडेटात भाषांचा उल्लेख शेवटच्या ओळीत नको, वरच करा.

आजपासून काय कराल?

* सोसायटीचं रक्तदान शिबिर, कॉलेजचा महोत्सव, ओळखीच्या काकूंचा मसाल्यांचा व्यवसाय, अशा 3 खऱ्या विषयांवर प्रेसनोट लिहा. हाच तुमचा पहिला पोर्टफोलिओ.

* रोज 2 भाषांमधली वर्तमानपत्रं वाचा. कोणता पत्रकार कोणत्या विषयावर लिहितो, याची नोंद ठेवा.

* पाठवण्यापूर्वी नावं, तारखा, आकडे दोनदा तपासा. संपर्कासाठी नाव आणि नंबर द्यायला विसरू नका.

* पानं लागण्याच्या घाईच्या वेळी, म्हणजे संध्याकाळी, पत्रकारांना फोन करू नका.

* इंटर्नशिप घेताना मानधन आणि कामाचे तास स्पष्ट विचारा. नोकरी लावून देण्यासाठी कुणी पैसे मागितले, तर तिथूनच परत फिरा.

आणि हो, त्या पत्रकाराने शेवटी माझा फोन उचलला. मी आधी माफी मागितली, मग खरा आकडा सांगितला. ते इतकंच म्हणाले, ‘‘आता पाठव तुझी पुढची नोट, बघतो.’’ त्या एका वाक्यासाठी मला 6 महिने थांबावं लागलं. तुम्हाला थांबावं लागू नये, म्हणून हे सांगितलं.