अनाथ आज्ञावली आणि त्यांचे पालक

‘डेबियन’ या मुक्त संगणक प्रणालीची तेरावी आवृत्ती ९ ऑगस्ट २०२५ रोजी जाहीर झाली. या आवृत्तीत १४ हजारांहून अधिक नवी पॅकेजे दाखल झाली आणि एकूण संख्या ७० हजारांच्या घरात गेली, याचे संगणक जगतात कौतुक झाले. त्याच घोषणेतील दुसऱ्या एका आकड्याची मात्र फारशी चर्चा झाली नाही. कालबाह्य ठरलेली ८,८०० हून अधिक पॅकेजे या वेळी भांडारातून काढून टाकण्यात आली. यातील काहींचे काम खरोखरच संपले होते. पण डेबियनच्या भांडारातून पॅकेज बाहेर पडण्यामागे आणखीही एक कारण असते, आणि ते अधिक काळजीचे आहे. आज्ञावली उपयुक्त असते, ती वापरणारेही असतात. फक्त तिची देखभाल करायला कोणी उरलेले नसते.

विज्ञानविषयक आज्ञावलींच्या वाट्याला हे अधिक प्रमाणात येते. अशा आज्ञावलीचा जन्म बहुधा एखाद्या विद्यापीठात पीएचडीच्या निमित्ताने होतो. प्रबंध सादर होतो, पदवी मिळते, विद्यार्थी नोकरीसाठी निघून जातो आणि आज्ञावली मागे राहते. ती जगभरच्या प्रयोगशाळांत वापरली जाऊ लागते, पण तिचा मूळ कर्ता आता वेगळ्याच व्यवसायात असतो. ही पोकळी भरून काढण्याचे काम आज अनेक ठिकाणी विनावेतन स्वयंसेवक करीत आहेत.

इयान मर्डॉक या विद्यार्थ्याने १९९३ साली सुरू केलेल्या डेबियनची मालकी कोणत्याही कंपनीकडे नाही. सुमारे हजारभर अधिकृत विकासक आणि त्यांच्याभोवतीचे साहाय्यक यांच्या बळावर हा प्रकल्प चालतो; त्याचा नेता दरवर्षी मतदानाने निवडला जातो. लोकप्रिय ‘उबुंटू’ ही डेबियनवरच आधारलेली आहे आणि ‘सी-डॅक’ या सरकारी संस्थेने विकसित केलेली भारतीय ‘बॉस’ प्रणालीही याच पायावर उभी आहे. जीवशास्त्र व वैद्यक क्षेत्रांतील आज्ञावलींसाठी आंद्रेआस टिले यांनी २००२ साली ‘डेबियन मेड’ हा गट सुरू केला. पुढे २०२४ मध्ये तेच संपूर्ण प्रकल्पाचे नेते झाले. इतर विज्ञानशाखांसाठी ‘डेबियन सायन्स’सारखे गट आहेत. एप्रिल २०२० मध्ये, निम्मे जग घरात कोंडलेले असताना, ‘डेबियन मेड’च्या स्वयंसेवकांनी आठवडाभर ऑनलाइन एकत्र येऊन कोविड संशोधनाला उपयोगी पडतील अशा आज्ञावलींवर काम केले होते.

हे स्वयंसेवक नेमके करतात तरी काय? देखभाल म्हणजे किरकोळ डागडुजी असा समज सर्वत्र आहे आणि तो चुकीचा आहे. सुरुवात परवान्यापासून होते. वैज्ञानिक मोठ्या उदारपणे ‘केवळ शैक्षणिक वापरासाठी विनामूल्य’ असे लिहून मोकळे होतात. पण वापराच्या क्षेत्रावरून भेदभाव करणारी आज्ञावली डेबियनच्या नियमानुसार मुक्त ठरत नाही. मग एखाद्या निवृत्त प्राध्यापकाला शोधून काढून, समजूत घालून, परवाना बदलून घ्यावा लागतो. त्यानंतर ती आज्ञावली ज्या दहा-वीस लायब्ररींवर अवलंबून आहे त्यांच्याशी तिचे जुळवून द्यावे लागते. खरी परीक्षा त्यापुढे असते. डेबियन १३ सात प्रकारच्या प्रोसेसर-रचनांवर अधिकृतपणे चालते. आयबीएमच्या मेनफ्रेमवर संख्येचे बाइट नेहमीच्या संगणकाच्या उलट क्रमाने साठवले जातात. जुन्या ३२ बिट इंटेल यंत्रांवर दशांश संख्यांची मधली आकडेमोड ८० बिटांत होई, तर आजच्या यंत्रांवर ती सहसा ६४ बिटांत होते. त्यामुळे एकच सूत्र दोन यंत्रांवर चालवले की शेवटच्या काही अंकांत फरक पडतो. हा फरक निरुपद्रवी आहे, की त्यामागे मूळ आज्ञावलीतील खरी चूक दडली आहे, याचा निवाडा देखभालकर्त्याला करावा लागतो. त्यासाठी संगणकाइतकेच त्या विज्ञानाचेही ज्ञान लागते. अशा तपासणीत सापडलेली चूक मूळ कर्त्याकडे पाठवली जाते आणि ती दुरुस्त झाली की तिचा लाभ डेबियन न वापरणाऱ्यांनाही मिळतो.

देखभालकर्त्याने हात टेकले, की त्या पॅकेजला डेबियनच्या परिभाषेत ‘अनाथ’ म्हणतात, आणि दुसऱ्या कोणी जबाबदारी घेतली की ते ‘दत्तक’ जाते. शब्द भावनिक वाटतील, पण ते व्यवहारातलेच आहेत. दत्तक घेणारा मिळाला नाही तर काय होते, याचा अनुभव ‘पायथन’ भाषेच्या स्थित्यंतरात आला. १ जानेवारी २०२० रोजी पायथन २ चा अधिकृत आधार संपला. ज्या आज्ञावली कोणी नव्या रूपात आणल्या नाहीत, त्यांना २०२१ मध्ये आलेल्या डेबियन ११ मध्ये जागा उरली नाही. त्यांच्या आधारे काढलेले निष्कर्ष शोधनिबंधांत छापलेले आहेत. ते आज पडताळून पाहायचे तर आधी ते जुने जग पुन्हा उभे करावे लागेल.

अर्थात स्वयंसेवा म्हटली की सारे आलबेल, असेही नाही. २००६ मध्ये डेबियनच्या एका देखभालकर्त्याने एका तपासणी साधनाच्या तक्रारी थांबवण्यासाठी ‘ओपनएसएसएल’मधील काही ओळी वगळल्या. सांकेतिक किल्ल्या त्यामुळे ओळखता येण्याइतक्या कमकुवत झाल्या आहेत, हे मे २००८ पर्यंत ध्यानात आले नाही. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ प्रकरणाने याहून गंभीर इशारा दिला. थकलेल्या एकट्या स्वयंसेवकाच्या मदतीला दोन वर्षांहून अधिक काळ ‘जिया टॅन’ नावाने कोणीतरी येत राहिले, विश्वास मिळवला आणि आज्ञावलीत चोरदरवाजा बसवला. डेबियनच्या ‘अनस्टेबल’ आवृत्तीवर काम करताना लॉगइनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, असा प्रश्न अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला पडला, म्हणून ते उघडकीस आले. ही दोन्ही साधने विज्ञानाची नव्हेत. पण अंगावर काम लादलेला एकटा माणूस आणि त्याची विचारपूस न करणारे लाखो वापरकर्ते, ही स्थिती वैज्ञानिक आज्ञावलींच्या बाबतीतही वेगळी नाही.

पैशाचा प्रश्न येथे आहेच, पण त्याहून मोठा प्रश्न मोजमापाचा आहे. वैज्ञानिक गणनांचा कणा मानल्या जाणाऱ्या ‘नमपाय’ला पहिले मोठे अनुदान २०१७ मध्ये, जन्मानंतर दशकभराने मिळाले, मूर फाउंडेशनने दिलेले ते सुमारे ६ लाख ४५ हजार डॉलर होते. एप्रिल २०१९ मध्ये जगाने कृष्णविवराची पहिली प्रतिमा पाहिली, ती घडवण्यातही याच लायब्ररीचा वाटा होता. तिच्या कर्त्यांनी २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये शोधनिबंध लिहिला. श्रेयाची नोंद व्हायची तर निबंध हवा, चालणारी आज्ञावली पुरेशी नाही, असाच त्याचा अर्थ घ्यावा लागतो.

भारतात तर हा मुद्दा अधिकच टोकदार आहे. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक प्रभू रामचंद्रन यांनी घडवलेली त्रिमितीय चित्रणाची ‘मायावी’ ही आज्ञावली जगभर वापरली जाते आणि डेबियनच्या भांडारातही पोहोचली आहे. केंद्राच्या निधीवर त्याच संस्थेत चालणारा ‘फॉसी’ प्रकल्प महाविद्यालयांना सायलॅब, ओपनफोम, आर यांसारखी मुक्त साधने शिकवतो. सप्टेंबर २०२३ मध्ये डेबियनची जागतिक परिषद कोचीला भरली. म्हणजे उत्साह आणि गुणवत्ता यांची वाण नाही. पण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीतील गुणांकनात शोधनिबंध, पुस्तके, पेटंट यांना रकाने आहेत. दुसऱ्याने लिहिलेली आज्ञावली दहा वर्षे चालू ठेवणाऱ्यासाठी नाही. तरुण सहायक प्राध्यापकाने रात्री जागून हे काम केले, तर पदोन्नतीच्या मुलाखतीत त्याविषयी बोलायला त्याच्यापाशी कागदच नसतो. मग तो हे काम सोडून देतो, आणि त्याला दोष तरी कसा द्यावा?

डेबियनमध्ये ‘हाऊ कॅन आय हेल्प’ नावाचे एक छोटे साधन आहे. ते बसवले, की आपल्याच संगणकावरील कोणती पॅकेजे सध्या अनाथ आहेत याची यादी ते समोर ठेवते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ते चालवून पाहण्यास पाच मिनिटे पुरतात आणि कोणाची परवानगीही लागत नाही.