बिनदेवाचा नाताळ

देव न मानणाऱ्या माणसाला वर्षातून दोनदा जबानी द्यावी लागते. दिवाळीत दारावर आकाशकंदील दिसला की आप्तेष्ट विचारतात, "काय हो, तुमची तत्त्वे यंदा माळ्यावर का?" आणि डिसेंबरात त्याच खिळ्याला कागदी चांदणी लागली की शेजारीपाजारी बुचकळ्यात पडतात. घरचा देव नको आणि परक्याचा बरा? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. चकलीवर कोणत्याही देवाची मालकी नाही. दुसऱ्याला मात्र जरा सविस्तर उत्तर द्यायला हवे, आणि फराळाचे डबे भरलेले असताना लोक जरा उदार मनाने ऐकतात, म्हणून ते आताच देऊन टाकतो.

नाताळ म्हणजे पहिल्यापासून फार सोवळ्यातला सण, अशी आपली एक समजूत असते. बायबलात येशूच्या जन्माची तारीखच दिलेली नाही. २५ डिसेंबर ही तारीख रोममध्ये चौथ्या शतकात रूढ झाली. पुढे इंग्लंडात या सणातले खाणेपिणे आणि धांगडधिंगा इतका वाढला की प्युरिटन मंडळींच्या पार्लमेंटाने १६४७ साली तो बंदच करून टाकला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये त्यांच्याच बांधवांनी १६५९ साली नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठरवला. नाताळावर बंदी आणणारे हे लोक अतिशय भाविक होते, हे आमच्या आस्तिक मित्रांनी जरूर ध्यानात ठेवावे! डिकन्सने १८४३ साली 'ए ख्रिसमस कॅरल' लिहिले, त्यातही खरी अडचण कोणती? कंजूष मालक कारकुनाला एक दिवसाची भरपगारी सुटी देताना कुरकुरतो, ही. कोणत्याही कचेरीत खर्डेघाशी केलेल्या माणसाला ही गोष्ट समजायला बाप्तिस्मा घ्यावा लागत नाही.

आपल्याकडे शब्द आला पोर्तुगीजांकडून. त्यांचा 'नाताल' म्हणजे जन्म. पाव, बटाटा, काजू, चावी, पगार, लिलाव यांच्याबरोबर तोही मराठीच्या घरात शिरला आणि इथलाच होऊन राहिला. सुटी मात्र इंग्रजांनी दिली. कोर्टे बंद, कॉलेजे बंद, आणि वकील-प्राध्यापक मोकळे! त्याचा फायदा आपल्या लोकांनी असा उचलला की सरकारला पश्चात्ताप व्हावा. राष्ट्रसभेचे पहिले अधिवेशन मुंबईत भरले ते २८ डिसेंबर १८८५ रोजी, नाताळच्या आठवड्यातच. आणि पुढेही कित्येक वर्षे अधिवेशनाचा हंगाम तोच राहिला.

आमच्या रायगड जिल्ह्याने तर, तेव्हाच्या कुलाब्याने, २५ डिसेंबरला एक निराळाच अर्थ दिला. १९२७ साली याच दिवशी महाडला सत्याग्रह परिषद भरली. बाबासाहेब आंबेडकर मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघून दासगावला उतरले होते. परिषदेसाठी जागा दिली ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने. त्या रात्री मनुस्मृती जाळण्यात आली, आणि तसा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. आजही दर २५ डिसेंबरला त्या घटनेची आठवण ठेवली जाते. या किनाऱ्यावरच्या निधर्मी माणसाला पाळण्याजोगा दिवस शोधायला दूर जायला नको. नाताळच्या सुटीने इतके मोठे काम दुसरे कोणते केले असेल, मला तरी सुचत नाही.

आता आजचा नाताळ. आम्ही अलिबागकर तो वाहनांच्या संख्येवरून ओळखतो. मांडव्याच्या धक्क्यावर बोटींमागून बोटी रिकाम्या होतात, वडखळला गाड्यांची रांग लागते, खोल्यांचे भाव दुप्पट होतात आणि लाल टोपी घातलेला वेटर सोलकढी आणून देतो. आलेल्यांपैकी बहुतेकांचा ख्रिस्ताशी काही संबंध नसतो. त्यात वाईट काय आहे? जपानात ख्रिस्ती लोक शेकड्यात एखादाच, तरी तिथली जोडपी नाताळला केक आणि तळलेली कोंबडी खातात, आणि जगबुडी काही आलेली नाही. समुद्रावर येऊन चार दिवस हसावे, याला धर्माची परवानगी कशाला?

माझे दुखणे दुसरेच आहे. यातल्या बऱ्याच गाड्या रेवदंड्याचा पूल ओलांडून काशीदकडे, मुरुडकडे धावतात. वाटेत उजव्या हाताला कोर्लईचा डोंगर लागतो, वर किल्ला आणि पायथ्याशी गाव. पोर्तुगीज चौलहून १७४० साली कायमचे गेले; पण कोर्लईतले ख्रिस्ती कुणबाऊ राहिले आणि त्यांची भाषाही राहिली. पोर्तुगीज आणि मराठीच्या संसारातून जन्मलेली ही बोली आज सुमारे हजारभर माणसे बोलतात. तिला ते 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. त्या गावात माउंट कार्मेलचे चर्च आहे आणि त्या रात्री तिथे खराखुरा नाताळ असतो. 'ख्रिसमस स्पेशल' जेवणासाठी शंभर किलोमीटर आलेली मंडळी त्याच्या अंगावरून भुर्रकन निघून जातात. सणातून देव वजा केला की उरतात माणसे. माणसेही वजा केली की उरते फक्त बिल.

म्हणून माझे मत असे आहे, की नास्तिकाने नाताळ जरूर करावा, पण पाहुणा होऊन करावा. यजमान शोधावा. आमच्या खालच्या मजल्यावर वसईकडच्या एक परिचारिकाबाई राहतात. एका वर्षी त्यांनी आम्हा नवराबायकोला मध्यरात्रीच्या मिस्साला नेले. जिना उतरतानाच म्हणाल्या, "भाऊ, शेवटी सगळे रांगेत उभे राहतात ना, तेव्हा तुम्ही आणि वहिनी बसूनच राहा हं. तो तीर्थप्रसाद नव्हे." किती बरे वाटले मला! आपण हिंदू लोक भाविकपणाने नव्हे तर सवयीने कुठेही ओंजळ पुढे करतो. त्यांचा तो संस्कार बाप्तिस्मा झालेल्यांचा. आम्ही मागच्या बाकावर बसून राहिलो, गाणी ऐकली, आणि बाहेर आल्यावर थंडीत सगळ्यांशी हात मिळवले. माझा अविश्वास त्यांना ठाऊक होता, त्यांचा विश्वास मला ठाऊक होता. कोणी कोणाची समजूत घातली नाही.

अर्थात, पाहुणचार एकतर्फी चालत नाही. आपण त्यांच्याकडे केक खायला जाणार आणि दिवाळीला ते आपल्या घरात आल्यावर उंबऱ्याशी घुटमळणार, हे काही खरे नाही. खरे म्हणजे फराळाच्या बाबतीत परकेपणा टिकणेच कठीण. गोव्यापासून वसईपर्यंतच्या ख्रिस्ती घरांत नाताळला नेवरी तळतात, ती आपली करंजीच! कुलकुल तर शंकरपाळ्याची सख्खी मावसबहीण. एकदा या बाईंनी माझ्या बायकोला तिच्या करंजीचे सारण कोरडे झाल्याचे सांगितले. एरवी सासूबाईंनाही इतके बोलायची छाती झाली नसती.

डबा रिकामा परत करायचा नाही, ही आपल्याकडची रीत त्यांच्याकडेही आहे. भाऊबिजेनंतर आमचा चिवड्याचा डबा खाली जातो तो पंचवीस तारखेलाच वर येतो, कुलकुल भरून. मधले दीड महिने आमच्या घरात त्या एका डब्यावाचून डाळी पिशव्यांतच असतात.