दुधातील विषाचे मूळ पेंडीत. बुरशीची जनुकीय ओळख उपयुक्त, पण पुरेशी नाही

जयपूर : राजस्थानातील बांसवाडा आणि लगतच्या गुजरातमधील पंचमहाल जिल्ह्यांत 1974 मध्ये पावसात भिजून बुरशी आलेला मका खाल्ल्याने शंभराहून अधिक जणांचा मृत्यू झाला. त्यास कारणीभूत ठरलेले ‘अफ्लाटॉक्सिन’ हे विष आज बहुधा पशुखाद्यातून दुधात उतरते. आघाडीच्या दूध उत्पादक राज्यांपैकी एक असलेल्या राजस्थानसाठी हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने 2018 मध्ये देशभरातून घेतलेल्या 6,432 दूध नमुन्यांपैकी 368, म्हणजे 5.7 टक्के नमुन्यांत हे विष किलोमागे 0.5 मायक्रोग्रॅम या मर्यादेपेक्षा अधिक आढळले होते. दूध उकळल्यानेही ते नष्ट होत नाही.

भुईमूग व सरकीची पेंड आणि मका यांवर वाढणारी ‘ॲस्परजिलस फ्लेव्हस’ ही बुरशी या विषाचा प्रमुख स्रोत आहे. तथापि, जपानमध्ये सोया सॉससाठी वापरली जाणारी निरुपद्रवी ‘ॲस्परजिलस ओरायझी’ तिच्याशी इतकी मिळतीजुळती आहे की सूक्ष्मदर्शकाखाली दोहोंतील फरक ओळखणे कठीण जाते. बुरशी वाढवून पाहण्यास काही दिवस लागतात. ‘पीसीआर’ चाचणीत विषनिर्मितीशी संबंधित जनुके काही तासांतच शोधता येतात.

मात्र जनुक आढळले म्हणजे विष तयार झालेच, असे नाही. उलट, कांडी खाद्य तयार करताना उष्णतेने बुरशी मरते. विष बव्हंशी तसेच राहते. त्यामुळे जनुकीय चाचणी ही कच्च्या मालासाठी पूर्वसूचना ठरू शकते. तयार खाद्यात प्रत्यक्ष विषाचे मोजमाप अपरिहार्यच आहे. भारतीय मानकानुसार गाई-म्हशींच्या खाद्यात ‘अफ्लाटॉक्सिन बी-1’ची मर्यादा किलोमागे 20 मायक्रोग्रॅम आहे.

‘सरस’ दुधाचा कारभार पाहणाऱ्या राजस्थान सहकारी दूध महासंघाचे मुख्यालय जयपूरमध्ये आहे. अशा मोठ्या संस्थांना दोन्ही चाचण्या शक्य आहेत. खरी अडचण आहे ती सुटी पेंड विकत घेणाऱ्या, एक-दोन जनावरे पाळणाऱ्या पशुपालकाची. दूध नाकारले गेल्यास नुकसान त्याचे होते. दोष मात्र अनेकदा पेंडीचा असतो. त्यामुळे तपासणीचा भार त्याच्यावर न टाकता तो पेंडीच्या घाऊक व्यापाराच्या टप्प्यावरच ठेवणे न्याय्य ठरेल.