परतणाऱ्या स्त्रीची बुद्धी

शिकल्यासवरलेल्या माणसांत एक समज घट्ट रुजला आहे. एखादी बाई उतारवयात देवाकडे वळली, बायबल घेऊन बसू लागली, रविवारची मिस्सा चुकवेनाशी झाली, की लोक म्हणतात, ‘थकली बिचारी, आधार शोधतेय.’ ती कॅथलिक असेल तर आक्षेपांची धार आणखी वाढते. पहिला आक्षेप असा, की परत येणे म्हणजे बुद्धी गुंडाळून ठेवणे. दुसरा असा, की ख्रिस्तसभेत शास्त्राचा अर्थ पुरुष लावतात, बाईचे चिंतन ही नुसती घोकंपट्टी. आणि तिसरा, की दयेची भाषा न्यायाचा प्रश्न टाळण्यासाठीच असते. प्रामाणिक माणसेही हे आक्षेप घेतात, म्हणून उत्तर पुराव्यानिशी द्यायला हवे. तो पुरावा मुख्यतः लंडनच्या पूर्वेकडच्या इल्फर्ड या उपनगरात आणि त्याच्या शेजारी सापडतो.

24 ऑक्टोबर 1923 रोजी इल्फर्डमध्ये डेनिस लेव्हर्टोव्ह जन्मली. वडील पॉल लेव्हर्टोव्ह हे रशियातल्या हसिदी ज्यू घराण्यातले. ख्रिस्ती होऊन ते अँग्लिकन धर्मगुरू झाले. आई वेल्श. मुलगी शाळेत गेलीच नाही, घरच्या पुस्तकांवर वाढली. दुसऱ्या महायुद्धात तिने लंडनमध्ये परिचारिकेचे काम केले, पुढे अमेरिकन लेखकाशी लग्न करून ती अमेरिकेला गेली आणि इंग्रजीतली मोठी कवयित्री ठरली. घरातल्या श्रद्धेपासून ती कित्येक वर्षे दूर होती. देव आहे की नाही हे सांगता येत नाही, अशी तिची भूमिका होती. आयुष्याच्या सातव्या दशकात ती कॅथलिक झाली.

ही थकलेल्या बाईची कहाणी आहे का? ती परतली कशी, ते पाहा. ज्या प्रेषिताने जखमांत बोट घातल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही असे बजावले, त्या संत थोमाच्या सणासाठी तिने मिस्साविधीच्या चौकटीत एक दीर्घ कविता लिहायला घेतली. 1982 च्या ‘कँडल्स इन बॅबिलॉन’ या संग्रहात ती आहे. हात घातला तेव्हा तो तिच्या लेखी रचनेचा एक प्रयोग होता. देवाच्या कोकरापर्यंत, म्हणजे विधीच्या अखेरच्या भागापर्यंत पोचली तेव्हा त्या शब्दांशी आपले नाते पालटल्याचे तिला जाणवले, असे तिने स्वतःच पुढे नमूद केले आहे. शब्दन् शब्द तोलून लिहिताना जी श्रद्धा येते, तिला बुद्धीचा त्याग कसे म्हणायचे? शंका बाजूला सारून ती परतली नाही. शंका घेणाऱ्या शिष्याचाच हात धरून परतली. पहिला आक्षेप इथेच कोसळतो.

दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे, ते आधी मान्य करू. कॅथलिक ख्रिस्तसभेत स्त्रीला आजही धर्मगुरुपदाची दीक्षा मिळत नाही. आविलाची संत तेरेसा आणि सिएनाची संत कॅथरिन यांना ख्रिस्तसभेच्या ‘आचार्य’ म्हणायला 1970 साल उजाडावे लागले, तोवर हा मान एकाही स्त्रीला मिळाला नव्हता. पण अधिकार नाकारला गेला म्हणून विचारही नव्हता, हा निष्कर्ष खोटा आहे. इल्फर्डच्या शेजारी बार्किंगला सातव्या शतकात स्त्रियांचा मठ स्थापन झाला. तिथल्या हिल्डेलिथ आणि तिच्या भगिनींना उद्देशून विद्वान बिशप अल्डहेल्म याने ग्रंथ लिहिला आणि त्यांच्या शास्त्राभ्यासाची वाखाणणी केली. बाराव्या शतकात त्याच मठातल्या क्लेमन्स नावाच्या भगिनीने संत कॅथरिनचे चरित्र अँग्लो-नॉर्मन भाषेत पद्यात रचले. ही कॅथरिन अलेक्झांड्रियाची. पन्नास तत्त्वज्ञांना वादात हरवणारी, असे तिची आख्यायिका सांगते. मठातल्या बाईने लिहायला विषय निवडला तो वादात जिंकणाऱ्या बाईचा!

आपल्याकडचा दाखलाही समोर आहे. पंडिता रमाबाई कॅथलिक नव्हत्या. 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा अँग्लिकन पंथात झाला. पण ज्या सिस्टर जेराल्डिनना त्या गुरुस्थानी मानत, त्यांच्याशी त्यांनी पत्रांतून शास्त्रावर वाद घातला, आपली विवेकबुद्धी कुणाच्या हवाली करायला नकार दिला, आणि पुढे केडगावला मूळ भाषा शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले. शास्त्र वाचणारी बाई प्रश्न विचारते, हे महाराष्ट्राला नवे नाही. ते शास्त्रालाही नवे नाही. लूकच्या शुभवर्तमानात देवदूत निरोप आणतो तेव्हा मरिया आधी विचारते की हे कसे होईल, मग होकार देते. लेव्हर्टोव्हने या प्रसंगावरच्या कवितेत नेमके हेच धरले: लोक मरियेच्या नम्रतेचे गोडवे गातात, तिच्या धैर्याचे नाव काढत नाहीत.

आता दया आणि न्याय. बाराव्या शतकाच्या मध्याला बार्किंगची मठाधिपती अ‍ॅडेलिझा हिने इल्फर्डला तेरा आजारी पुरुषांसाठी रुग्णालय उभारले. पुढे ते कुष्ठरोग्यांचे रुग्णालय म्हणून ओळखले गेले. माणसे कुष्ठरोग्याला वेशीबाहेर घालवत, त्या काळातली ही गोष्ट. त्याची सोय लावायची तर छप्पर, अन्न आणि कायमचे उत्पन्न लागते, आणि ते एका स्त्रीने लावून दिले. 1539 मध्ये राजाज्ञेने बार्किंगचा मठ बुडाला, पण रुग्णालयाचे चॅपेल इल्फर्ड हिलवर आजही उभे आहे. आता ते अँग्लिकनांकडे आहे. दया म्हणजे नुसता उसासा असता तर शतकानुशतके टिकणारी भिंत उभी राहिली नसती.

लेव्हर्टोव्हनेही देवाकडे वळताना रस्त्यावरची लढाई सोडली नाही. व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात ती 1972 मध्ये हानोईला जाऊन आली होती. 1980 मध्ये एल साल्वादोरमध्ये आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांची मिस्सा करतानाच हत्या झाली, आणि त्याच वर्षी तीन धर्मभगिनी व एक प्रापंचिक सेविका यांना ठार मारण्यात आले. त्यांच्यासाठी तिने शोकगायन लिहिले. मरियेच्या स्तोत्रात तरी दुसरे काय आहे? पिढ्यान् पिढ्यांवर होणारी दया आणि सिंहासनावरून खाली ओढले जाणारे बलवान, एकाच गाण्यात. दया आणि न्याय यांची फारकत टीकाकारांनी केली आहे, शास्त्राने नाही.

मग परत येणे म्हणजे काय? लूकच्या पंधराव्या अध्यायात उधळ्या पुत्राची गोष्ट सगळ्यांना पाठ असते; तिच्या आधीची फारसे कुणी सांगत नाही. एका बाईकडे दहा नाणी आहेत, एक हरवते. ती दिवा लावते, घर झाडते, कोपरान् कोपरा धुंडाळते, सापडल्यावर शेजारणींना बोलावते. येशूने देवाच्या शोधाला उपमा दिली ती या बाईची. म्हणजे परतणारी स्त्री काही भीक मागायला येत नाही. तिला कुणीतरी हातात दिवा घेऊन शोधत आहे, आणि तीही डोळे उघडे ठेवून त्या उजेडाकडे चालली आहे. श्रद्धेची ही समज मला कोणत्याही तर्कटापेक्षा खरी वाटते.

म्हणून वसईपासून अहिल्यानगरपर्यंतच्या आणि परदेशातल्या मराठी कॅथलिकांना एवढेच सांगणे आहे. ‘सुबोध बायबल’ आपल्या मराठीत आहे, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये शास्त्रवाचन साऱ्या श्रद्धावंतांवर सोपवले आहे. वाचनगटात बायका जे बोलतात ते नुसते ऐकून सोडू नका; लिहून घ्या, छापा, आणि रविवारच्या प्रवचनाआधी धर्मगुरूंच्या हाती द्या. त्यांच्या चिंतनाला भाबडेपणा म्हणणाऱ्याने आधी ते वाचावे, मग बोलावे.