देवबलौदाची जत्रा दोन दिवसांची. उरलेल्या वर्षाचे काय?

भिलाई : महाशिवरात्रीच्या पहाटे देवबलौदा येथील महादेव मंदिरासमोर लागणारी रांग ही भिलाई-चरोदा परिसरातील वर्षातील मोठ्या गर्दीच्या प्रसंगांपैकी एक असते. पोलाद कारखान्यातील कामगार, रेल्वे वसाहतीतील कुटुंबे आणि आसपासच्या खेड्यांतील शेतकरी हातात पाण्याचे तांबे आणि बेलाची पाने घेऊन उभे असतात. बाहेर पाळणे, खेळणी, मिठाई आणि बांगड्यांची दुकाने थाटलेली असतात. दोन दिवसांत हा पसारा आवरला जातो. कलचुरी काळातील, साधारण बाराव्या-तेराव्या शतकातील हे मंदिर पुन्हा एकटे पडते. ते केंद्रीय पुरातत्त्व विभागाचे संरक्षित स्मारक आहे. त्याला शिखर नाही. कोरीव खांबांचा मंडप, बाहेरील भिंतींवरील शिल्पपट्ट्या आणि शेजारचे कुंड पाहण्यासाठी एरवी येणारे मोजकेच.

शिखर का नाही, याची एक कथा गावात सांगितली जाते. सहा महिने चाललेल्या एका रात्रीत शिल्पकार विवस्त्र होऊन मंदिर घडवत होता. जेवण घेऊन रोज पत्नी येई, पण एके दिवशी बहीण आली आणि लाजेने त्याने कुंडात उडी घेतली. ही कथा परिसरातील बहुतेकांना ठाऊक असते. मंदिर कोणत्या राजवटीचे आणि त्याच्या भिंतींवर काय कोरले आहे, हे मात्र फार थोडे सांगू शकतात. ही उणीव जत्रेला येणाऱ्यांची नव्हे. आलेल्या हजारो माणसांना स्मारकाविषयी चार गोष्टी सांगण्याची व्यवस्था उभी करणे हे ज्यांचे काम आहे, त्यांची ती आहे.

कायद्याची रचनाही येथे थोडी विचित्र ठरते. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या कायद्याखालील १९५९ च्या नियमांनुसार संरक्षित स्मारकात सभा, समारंभ, परिषद किंवा करमणुकीचा कार्यक्रम घ्यायचा असेल, तर सरकारची लेखी परवानगी लागते. मान्य धार्मिक रूढीनुसार होणाऱ्या कार्यक्रमांना यातून सूट आहे. ही सूट योग्यच आहे, कारण तिच्याविना देवबलौदासारखी जिवंत स्थळे केवळ दगडांची कोठारे झाली असती. परंतु परिणाम असा होतो, की जत्रेला वेगळी मुभा मागावी लागत नाही आणि त्याच मंडपात पन्नास विद्यार्थ्यांसाठी व्याख्यान ठेवायचे म्हटले, तर अर्जफाटे सुरू होतात. छोट्या शाळा आणि हौशी मंडळे त्या वाटेला सहसा जात नाहीत.

वास्तविक छत्तीसगडमध्ये वारशाला लोकांचा आधार ही नवी कल्पना नाही. रायपूरच्या महंत घासीदास स्मारक संग्रहालयाचा जन्मच दानातून झाला. राजनांदगावचे राजे महंत घासीदास यांनी १८७५ मध्ये ते सुरू केले. पुढे त्याच घराण्यातील राणी ज्योतीदेवी आणि राजा दिग्विजयदास यांच्या देणगीतून नवी इमारत उभी राहिली आणि १९५३ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. देशातील जुन्या संग्रहालयांत गणल्या जाणाऱ्या या संस्थेचा पाया सरकारी अंदाजपत्रकात नव्हे, तर एका संस्थानिक घराण्याच्या तिजोरीत होता.

त्याहून बोलका दाखला याच संग्रहालयातील एका लाकडाचा आहे. १९२१ मध्ये चंद्रपूरजवळील किरारी गावाच्या (हे चंद्रपूर विदर्भातले नव्हे, महानदीकाठचे) हीराबांध तलावातून गाळ काढताना ग्रामस्थांना एक लाकडी खांब सापडला. त्यावर ब्राह्मी अक्षरे होती. शतकानुशतके पाण्यात राहिलेले लाकूड उन्हात सुकले, तसे ते तडकू लागले आणि अक्षरांच्या ढलप्या निघू लागल्या. अक्षरे नाहीशी होण्यापूर्वी पंडित लक्ष्मीप्रसाद उपाध्याय या स्थानिक गृहस्थांनी ती जशी दिसली तशी कागदावर उतरवून घेतली. नंतर तज्ज्ञांनी लेख वाचला, तो या नकलेच्या आधारे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराचा हा लेख राज्यकारभारातील अधिकाऱ्यांची पदनामे नोंदवतो. अशा स्वरूपाचा लाकडावरील लेख देशात दुर्मीळ आहे. त्या दिवशी तेथे पुरातत्त्व खात्याचा कोणीही नव्हता. होता तो एक शिकलेला, जिज्ञासू माणूस आणि त्याच्यापर्यंत बातमी पोहोचवणारे गाव. स्थानिक सहभाग म्हणजे नेमके काय, याचे याहून नेमके उदाहरण शोधून सापडणे कठीण.

आजचे चित्र पाहता राज्याचा सारा भर महोत्सवांवर आहे. माघी पौर्णिमेला सिरपूर महोत्सव असतो. त्याच पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत राजिमचा मेळा भरतो. चैत्रात कवर्ध्याजवळ भोरमदेव महोत्सव होतो. म्हणजे राज्यातील दोन प्रमुख स्थळांचे सोहळे एकाच पंधरवड्यात येतात आणि देवबलौदाची जत्राही त्याच्या शेवटाला येते. पोलीस बंदोबस्त, पाणी, फिरती शौचालये, कलावंतांची पथके आणि अधिकाऱ्यांचा वेळ यांची एकदम ओढाताण होते. शिवाय हा काळ परीक्षांच्या तोंडावरचा. इतिहासाच्या पुस्तकात सिरपूर वाचणारा विद्यार्थी त्या दिवसांत सिरपूरला जाऊ शकत नाही. आषाढ ते भाद्रपद या ओल्या महिन्यांत, जेव्हा छताखालच्या संग्रहालयांकडे लोकांना वळवणे सोपे असते, तेव्हा दिनदर्शिका बरीचशी रिकामी असते. रायगडचा चक्रधर समारोह हा सन्माननीय अपवाद. राजा चक्रधरसिंह यांच्या कथक परंपरेचे स्मरण म्हणून तो गणेशोत्सवात होतो आणि कलाविषयक ओळखीवर उभा असल्याने पावसातही टिकून आहे.

राजिमच्या मेळ्याची गोष्ट आणखी शिकवणारी. महानदी, पैरी आणि सोंढूर यांच्या संगमावरील हा पुन्नी मेळा, म्हणजे पौर्णिमेचा मेळा, पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. २००५ च्या सुमारास त्याला राजिम कुंभ असे नाव मिळाले. सत्ताबदलानंतर २०१९ मध्ये ‘पुन्नी मेळा’ हे नाव परतले आणि पुन्हा सरकार बदलल्यावर २०२४ मध्ये ते ‘कुंभ कल्प’ झाले. फलक बदलले, मंडपांचे आकार बदलले, पण बैलगाडीने किंवा आता ट्रॅक्टरने येणारा शेतकरी कोणत्या नावाच्या मेळ्याला आला, याची त्याला फिकीर नव्हती. सरकारी पाठबळ नावाशी बांधलेले असते, लोकांचे पाठबळ तिथीशी. दुसरे अधिक काळ टिकते, हे राजिमने दाखवले आहे.

भिलाईचा प्रश्न मात्र वेगळ्या प्रकारचा आहे. हे शहरच १९५० च्या दशकात सोव्हिएत साहाय्याने उभ्या राहिलेल्या कारखान्याभोवती वसले. पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. शाळा, रुग्णालय, उद्याने, मैदाने सारे कारखान्याने दिले. भारत-सोव्हिएत मैत्रीचे प्रतीक म्हणून १९७२ मध्ये मैत्रीबाग उभारली गेली. तिथले हिवाळी पुष्पप्रदर्शन हा शहराचा ठरलेला ऋतुसोहळा. पंडवानी जगभर नेणाऱ्या आणि २०१९ मध्ये पद्मविभूषणाने गौरवल्या गेलेल्या तीजनबाई जवळच्याच गनियारीच्या, आणि त्याही या कारखान्याच्या सेवेत होत्या. अशा शहरात नागरिकांना मंडळ स्थापून, वर्गणी काढून, एखादे स्मारक सांभाळण्याची गरज वाटलीच नाही. व्यवस्थापन करील, हा भरवसा होता. आता कायम कामगारांची संख्या पूर्वीच्या तुलनेत फार घटली आहे, निवृत्त पिढी मुलांकडे पुण्या-बंगळुरूला जात आहे आणि कारखान्याचा हात सर्वत्र पोहोचेनासा झाला आहे. ही पोकळी भरण्याची सवय शहराला अजून लागलेली नाही.

पैसा हा त्यातील एकमेव अडसर नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांनी सामाजिक दायित्वापोटी खर्च करायच्या बाबींत राष्ट्रीय वारशाचे जतन स्पष्टपणे समाविष्ट आहे. केंद्राची स्मारक दत्तक योजना २०१७ मध्ये आली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये तिची सुधारित आवृत्ती. महाराष्ट्रात तर महाराष्ट्र वैभव राज्य संरक्षित स्मारक संगोपन योजना त्याही आधीपासून आहे. तिच्याखाली धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्ग किल्ला सोलापूरच्या एका खासगी कंपनीकडे संगोपनासाठी देण्यात आला. पावसाळ्यात पाणी महालाच्या बंधाऱ्यावरून कोसळणारे नर आणि मादी हे धबधबे पाहायला तेथे मोठी गर्दी लोटते. गर्दीच्या त्या आठवड्यांत मिळणारे उत्पन्न वर्षभराच्या देखभालीकडे वळवता येते, हा या पद्धतीचा फायदा. किल्ला पाहणारे हळूहळू ग्राहक होतात, हा तोटा. दत्तक देणे आणि स्थानिक मंडळाने सांभाळणे यांत फरक आहे आणि तो कंत्राटाच्या कागदावर दिसत नाही.

देवबलौदा, रायपूरचे संग्रहालय किंवा पाटणजवळ खारून नदीकाठी राज्य पुरातत्त्व विभागाने उत्खनन केलेले तरीघाट, यांपैकी कुठलेही स्थळ नळदुर्गसारखे उत्पन्न देणारे नाही. तरीघाटच्या खड्ड्यांभोवती तर जत्राही भरत नाही. अशा ठिकाणी उपयोगी पडेल ती वर्गणीची आणि श्रमदानाची परंपरा. छत्तीसगडमध्ये ती आहे. पौष पौर्णिमेच्या छेरछेरा सणाला मुले आणि मंडळ्या दारोदार फिरून नव्या धान्याचे दान गोळा करतात. सुपातील मूठभर धान नाकारणे कमीपणाचे मानले जाते. या सणाची सांगड एखाद्या गावच्या जुन्या मंदिराशी वा उत्खननस्थळाशी घालणे अवघड नाही. त्यासाठी महोत्सवाचा निधी लागत नाही, गावातील शिक्षक आणि सरपंच तयार असावे लागतात.

या पट्ट्यातील मराठी समाजालाही येथे करण्यासारखे आहे. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून मराठी कुटुंबे छत्तीसगडमध्ये आहेत. गणेशोत्सव आणि रायपूरचे महाराष्ट्र मंडळ यांमुळे संघटनेची सवयही आहे. सिरपूरचे पहिले शास्त्रीय उत्खनन १९५० च्या दशकात डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी केले. कलचुरी राजांचे कोरीव लेख एकत्र करून १९५५ मध्ये प्रसिद्ध करणारे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी हेही मराठीच. गणेशोत्सवातील एक संध्याकाळ मिराशींच्या ग्रंथातील रतनपूरच्या लेखांवर झाली, तर मंडपाचे भाडे वाढणार नाही.

केंद्रीय विभाग स्मारकाची देखभाल करतो, जिल्हा प्रशासन जत्रेची. या दोघांच्या मध्ये, जत्रा संपल्यानंतरच्या सकाळी कुंडातील निर्माल्य कोणी काढायचे, हा साधा प्रश्न उरतो. त्यासाठी पंचायत, नगरपालिका, विभाग आणि गावातील मंडळ यांची कायमस्वरूपी समिती नेमावी आणि तिची पहिली बैठक जत्रेच्या धामधुमीत नव्हे, तर श्रावणात, कुंड काठोकाठ भरलेले असताना, मंदिराच्या आवारातच व्हावी. १९५९ च्या नियमांप्रमाणे त्या बैठकीसाठीही आधी लेखी परवानगी घ्यावी लागेल.