कपेलाला सिमेंट नको, चुनाच हवा



आमच्या वाड्यावरच्या सायबिणीच्या (मारियामातेच्या) कपेलाची, म्हणजे छोट्या प्रार्थनामंदिराची, दुरुस्ती यंदा फेस्ताच्या (वार्षिक सणाच्या) आधी उरकायची, असे ठरले आहे. भिंतींवरचा चुन्याचा गिलावा खरवडून सिमेंट मारायचे, शिंपल्यांची तावदाने काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवायच्या, पुढची कौलारू पडवी पाडून स्लॅब टाकायचा. वर्गणी गोळा झाली आहे आणि देणाऱ्यांचे मन निर्मळ आहे. तरीही हे काम थांबवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मी हिंदू. पण माझे घर कपेलाच्या समोर आहे, मे महिन्यातल्या लादाइनीनंतरचे (सामूहिक प्रार्थनेनंतरचे) उकडलेले चणे खात मी लहानाचा मोठा झालो, आणि हे कपेल माझ्याही गावाचे आहे.

गोव्यातल्या बारदेश, तिसवाडी, सासष्टीत अशी कपेले वाड्यावाड्यांवर दिसतात. पुष्कळ ठिकाणी आधी नुसता खुरीस (क्रूस) होता. मग त्यावर छप्पर आले, मग भिंती उठल्या. एक लांबट दालन, टोकाला वेदीची अरुंद खोली, दोहोंच्या मध्ये कमान, कोरीव लाकडी वेदी, दर्शनी भिंतीच्या माथ्यावर घंटेचा कोनाडा. मोठ्या इगर्जेचा (चर्चचा) थाट गावच्या गवंड्याने आणि सुताराने वाड्याला झेपेल एवढ्या मापात उतरवला. लहान म्हणून त्याला कमी लेखू नये. जुन्या गोव्यातले सेंट कॅथरिनचे कपेल १५१० मध्ये पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने शहर घेतल्याची आठवण म्हणून बांधले गेले, आणि १५३४ मध्ये त्यालाच कॅथेड्रलचा मान मिळाला.

आता चिऱ्याविषयी. आपला जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, वारा लागला की घट्ट होतो, पण त्याची छिद्रे बुजत नाहीत. तो पाणी पितो. मृगापासून पुढचे चार महिने भिंत पाणी पीत राहते आणि नंतरचे आठ महिने ते बाहेर टाकते. चुन्याचा गिलावा ही ये-जा होऊ देतो. सिमेंट होऊ देत नाही. त्याला बारीक तडा गेला की पाणी आत शिरते, जोत्यातूनही ओल वर चढते, आणि सुटायला वाट न मिळाल्याने ती वेदीच्या बाजूला, लाकडाकडे वळते. पाच-सात पावसाळ्यांनी सिमेंटची खपली सुटते तेव्हा चिऱ्याचे साल सोबत घेऊनच सुटते. आमच्याच गावात एका जुन्या घराच्या भिंतीचा असा भुगा झालेला मी पाहिला आहे.

‘मग गिलावाच नको, तांबडा चिरा उघडा ठेवू, तो सुंदर दिसतो,’ असेही एकाने सुचवले. त्यांनी जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूस बॅसिलिकेकडे पाहावे. १६०५ मध्ये पुरी झालेली ही वास्तू साडेतीनशे वर्षे गिलाव्यात होती. १९५० च्या दशकात बाल्ताझार द कास्त्रो या पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञाने तो उतरवला. आज पर्यटक ज्या तांबड्या भिंतीचे फोटो काढतात ती मुळात तशी कधीच नव्हती, आणि तेव्हापासून पाऊस तिला कुरतडतो आहे. तिच्यावर पुन्हा गिलावा चढवा, अशी मागणी खुद्द तिथल्या रेक्टरांनी केली होती. पावलू व्हारेला गोमीश या पोर्तुगीज अभ्यासकाने गोव्याच्या इगर्जांवर २०११ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे नावच ‘व्हाइटवॉश, रेड स्टोन’ आहे. पांढरी सफेदी आणि तांबडा दगड, दोन्ही मिळून ही वास्तू होते.

मला सर्वांत जास्त सांगायचे आहे ते पुढेच. १८३५ मध्ये गोव्यातले धार्मिक संघ बंद झाले. जुन्या गोव्यातला सेंट ऑगस्टिनचा प्रचंड मठ ओस पडला, १८४२ मध्ये त्याच्या इगर्जेचे कमानी छत कोसळले, १९३१ मध्ये अर्धा मनोरा गेला. त्याच काळात वाड्यावरची एवढीशी कपेले टिकली. त्यांना कोणी राजाश्रय दिला नव्हता. दर वर्षी फेस्ताआधी वाड्यातली माणसे शिडी लावून कौले परतत होती आणि भिंतींना चुना काढत होती, एवढेच त्यांचे बळ. सिमेंटवाला कंत्राटदार ‘आता वीस वर्षे बघायला नको’ असे सांगतो तेव्हा मला भीती वाटते ती याचीच. वीस वर्षे जिकडे कोणी बघत नाही, ती वास्तू वाड्याची राहत नाही.

खिडक्यांबद्दल तर बोलायलाच हवे. ते पातळ, दुधी शिंपले चिखलीच्या खाडीत आजही सापडतात, पण आता त्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. नवे मिळणार नाहीत. काढलेले तावदान भंगारात गेले की गेले, आणि सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी वेदीवर पडणारा तो मऊ उजेडही गेला.

‘परक्या सत्तेची खूण कशाला जपायची?’ असे माझे काही मित्र विचारतात. सोळाव्या शतकात याच तालुक्यांतली देवळे पाडली गेली. माझ्या घराण्याचा देवही तेव्हा हलवला गेला आणि आज नदीपार अंत्रुज महालात (फोंड्यात) आहे, मी ते विसरलेलो नाही. पण या कपेलाचा चिरा इथल्या खाणीचा, गवंडी इथला, आणि त्यात गुडघे टेकणारी माणसे माझी शेजारी. पूर्वीच्या अन्यायाचा हिशेब त्यांच्या भिंतीवर मांडणे मला मान्य नाही.

चुन्याचे काम महाग पडते, वेळखाऊ आहे, जाणता गवंडी सहज मिळत नाही, हे सारे खरे. पण गोळा झालेल्या पैशांत स्लॅब आणि खिडक्यांचा खर्च वगळला तर चुन्याला पैसा उरतो. फेस्त या वर्षी जुन्या भिंतींतच होऊ द्या. सायबिणीची त्याला हरकत नसेल. पाऊस ओसरला आहे, चुना भिजत घालायला हेच दिवस योग्य आहेत. पाद्री आणि फेस्ताच्या मंडळींनी निदान एखाद्या जतनतज्ज्ञाला भिंती दाखवाव्यात आणि तोवर छिन्नी लावू नये. परांची बांधून झाली आहे, खरवडायचे काम येत्या सोमवारी सुरू होणार आहे.

आपला,
एक वाचक, बारदेश