मागच्या वेळी कोण कुणाबरोबर होतं?

निवडणूक चुरशीची झाली की लोकलमध्ये भाकितं सांगणारे वाढतात. डोंबिवलीला आकडे निघतात आणि ठाणं यायच्या आत निकालही लागतो. आधार एकच : ‘मागच्या वेळी काय झालं होतं?’

या प्रश्नाची गंमत आपल्याच भागात पाहावी. डोंबिवलीत २००९ पासून चारही वेळा रवींद्र चव्हाणच. शेजारच्या कल्याण ग्रामीणमध्ये मात्र दर वेळी नवा आमदार : मनसेचे रमेश पाटील, शिवसेनेचे सुभाष भोईर, मनसेचे राजू पाटील आणि २०२४ला शिंदे यांच्या शिवसेनेचे राजेश मोरे. एकीकडे ‘तोच येतो’, पलीकडे ‘तो येत नाही’. दोन्ही नियमांना अपवाद नाही.

पण अपवाद नसणं म्हणजे कारण असणं नव्हे. डोंबिवलीच्या नियमामागे जनसंघाच्या काळापासूनची बांधणी आहे. १९७७ला रामभाऊ म्हाळगी ठाण्यातून लोकसभेवर गेले, तेव्हाही ती होतीच. कल्याण ग्रामीणच्या नियमामागे काय आहे? २०१९ला शिवसेनेने भोईरांऐवजी रमेश म्हात्रेंना उभं केलं. मग मतदारांनी आमदाराला नाकारलं, असं कसं म्हणायचं?

चार निवडणुकांचा पुरावा किती तकलादू, ते १९६९ने दाखवलं. तोवरच्या चारही राष्ट्रपती निवडणुकांत काँग्रेसच्या पाठिंब्याचा उमेदवार पहिल्या पसंतीच्या मतांवरच जिंकला होता. पाचव्या वेळी नीलम संजीव रेड्डी पक्षाचे अधिकृत उमेदवार, तर इंदिरा गांधींचा कौल व्ही. व्ही. गिरींना. तिसरे आपले चिंतामणराव देशमुख. पहिल्या मोजणीत कुणालाच बहुमत मिळालं नाही. दुसऱ्या पसंतीची मतं मोजल्यावर मतमूल्य झालं गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७. आधी चार वेळा जिंकलेली काँग्रेस एकसंध राहिलीच नव्हती. काही महिन्यांत तिचे दोन पक्ष झाले.

२०२४ला कल्याण ग्रामीणमध्ये तेच. धनुष्यबाण, मशाल आणि इंजिन अशी तिरंगी लढत. तिन्ही पक्षांचं मूळ एकाच शिवसेनेत. मशालीवर २०१४चे विजेते भोईर, इंजिनावर २०१९चे विजेते राजू पाटील. गेल्या खेपेला शिवसेनेला पडलेली मतं आता कुणाच्या खात्यात मांडणार? सात हजारांच्या आसपास मतांनी जिंकलेले पाटील या वेळी साठ हजारांहून जास्त मतांनी मागे राहिले.

म्हणून जुने निकाल काढण्याआधी जुन्या उमेदवारांची यादी काढावी. युती कुणाची होती, तिकीट कुणाचं कापलं, बंडखोर कोण होता? माणसं त्याच बाजूला असतील तर आकडे जरूर वापरा. नसतील, तर पैज चहापुरतीच ठेवा.